मित्राच्या घराचा उंबरठा

बालपणाविषयीच्या मराठी पुस्तकांवर आपण प्रेम करतो; पण ती आपण नीट वाचतो का, असा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडू लागला आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन किंवा मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'मधला मुकुंद जोशी यांचा विषय निघाला की कोणत्याही चर्चेचा सूर हळवा होतो. प्रत्येकाला आपले गाव, आपली शाळा, आपला एखादा हरवलेला सोबती आठवतो. पुस्तक बाजूला राहते आणि आठवणींची देवाणघेवाण सुरू होते. या वाचनपद्धतीला आपण 'स्मरणरंजन' असे नाव दिले आहे आणि ते कधी दोष म्हणून, तर कधी गुण म्हणून वापरतो.

या चर्चेत दया पवार यांचे 'बलुतं' मात्र सहसा येत नाही. वास्तविक १९७८ साली 'ग्रंथाली'ने प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकाचा फार मोठा भाग एका मुलाच्या बालपणाचा आहे. त्यात गाव आहे, शहर आहे, शाळा आहे, आजी आहे, आई आहे, दारूत बुडत गेलेले वडील आहेत, सोबती आहेत. तरीही आपण ते 'दलित आत्मकथन' या कप्प्यात ठेवतो आणि लंपनला 'बालपणाचे भावविश्व' या कप्प्यात. अभ्यासक्रमातही या दोन गोष्टी बहुधा वेगवेगळ्या घटकांत येतात. विद्यार्थी पहिल्याविषयी लिहिताना 'विद्रोह', 'वेदना', 'नकार' हे शब्द वापरतो आणि दुसऱ्याविषयी लिहिताना 'निरागसता', 'तरलता', 'संवेदनशीलता'. दगडूला निरागसता नव्हती का आणि लंपनला वेदना नव्हती का, हा साधा प्रश्न परीक्षेत कोणी विचारत नाही.

हे दोन कप्पे मोडून ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवली पाहिजेत, एवढेच मला येथे म्हणायचे आहे. त्यांना एकच प्रश्न विचारता येईल, असेही वाटते. तो प्रश्न असा: या पुस्तकातले मूल आपल्या मित्राच्या घरात कुठपर्यंत जाऊ शकते?

प्रथम लंपनकडे पाहू. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' (२००३) ही चार पुस्तके रूढ अर्थाने कथासंग्रह आहेत. पण एकाच मुलाची एकाच आवाजात सांगितलेली ही मालिका सलग वाचली म्हणजे ती कादंबरीसारखाच परिणाम करते. सीमाभागातल्या, कानडीचा शेजार लाभलेल्या मराठीत लंपन बोलतो. भावना नेमकी किती मोठी आहे हे सांगायला तो आकडे वापरतो, 'मॅडसारखं' हा शब्द वापरतो. वाचक या भाषेने हरखून जातो, आणि त्या हरखण्यात मूळ गोष्ट निसटते. ती गोष्ट पहिल्याच पुस्तकाच्या नावात आहे. हा मुलगा वनवासात आहे. आईवडील आणि बहिणी एका गावी, हा आजीआजोबांकडे दुसऱ्या गावी. आजीआजोबा त्याच्यावर जीव टाकतात. घरात कोणी दुष्ट नाही, कोणी त्याला छळत नाही. तरीही 'मला येथे का ठेवले?' हा प्रश्न प्रत्येक पानाखाली वाहत असतो. त्याला उत्तर देणारा मोठा माणूस त्या जगात नाही.

लेखकाचे चरित्र ज्ञात असल्याने हा प्रश्न आणखी टोचतो. प्रकाश नारायण संत म्हणजे भालचंद्र गोपाळ दीक्षित. ते कवयित्री इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचे पुत्र. ते आजोळी दत्तक गेले आणि दीक्षित झाले. १९४६ साली वडील गेले तेव्हा ते जेमतेम नऊ वर्षांचे होते. पुढे कराडला भूगर्भशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या या माणसाने लेखनासाठी मात्र जन्माचे आडनाव घेतले. कागदोपत्री एक नाव, पुस्तकावर दुसरे. ही नोंद येथे लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होईल.

अशा मुलाच्या आयुष्यात सुमी येते. हुशार, नीटनेटकी, लंपनला आतून हलवून टाकणारी सुमी. या नात्याला प्रेम म्हणावे की मैत्री, हा वाद मला निरर्थक वाटतो. महत्त्वाचे हे की, घराने जी जागा रिकामी ठेवली ती या मैत्रीने भरली आहे. आईला सांगायच्या गोष्टी तो सुमीला सांगू पाहतो. आईकडून हवी असलेली शाबासकी तो सुमीच्या डोळ्यांत शोधतो. म्हणून या मैत्रीला तिच्या वयापेक्षा फार मोठा भार वाहावा लागतो. तिच्यातील उत्कटता निरागसतेतून आलेली नाही, अभावातून आलेली आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे लंपनची पुस्तके गोड राहत नाहीत. ती कितीतरी अधिक चांगली होतात. २०२४ साली निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेल्या मालिकेमुळे लंपन नव्या पिढीच्या पडद्यावर आला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पडद्यावरून पुस्तकाकडे येणाऱ्या वाचकाला हा अभाव दाखवून देणे हे आपले, म्हणजे शिकवणाऱ्यांचे, काम आहे.

आता घराच्या प्रश्नाकडे येतो. जुन्या मराठी घराची रचना आठवून पाहावी. अंगण, ओटा, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. या एकामागून एक येणाऱ्या खोल्या नव्हेत. त्या परवानगीच्या पायऱ्या आहेत. कोण अंगणातून परत जाईल, कोण ओसरीवर बसेल, कोणाला माजघरात हाक मारता येईल आणि कोणाला माठातले पाणी स्वतःच्या हाताने घेता येईल, हे त्या घरात जन्मलेल्या मुलाला कोणी न शिकवता कळते. लंपनसमोर हा प्रश्नच उभा राहत नाही. त्याची घरे उघडी आहेत. शेजारापाजारात तो सहज वावरतो, त्याला खाऊ मिळतो, त्याचे कौतुक होते. त्याचे दुःख उंबरठ्याच्या आतले आहे. संतांनी ते दुःख पूर्ण सच्चेपणाने लिहिले, यात शंका नाही. पण त्या दुःखाला बसायला जागा होती, हेही तितकेच खरे.

मराठीतल्या बालपणाच्या सर्वांत प्रभावी पुस्तकाने, साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने (१९३५), या उंबरठ्याशी येऊन एक फार बोलका प्रसंग लिहिला आहे. एका वृद्ध महार स्त्रीला लाकडाची मोळी उचलून डोक्यावर घेता येत नाही. आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे. मग घरी येऊन आंघोळ कर. आपल्या काळाच्या मानाने ही आई धीट आहे, आणि तिचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रसंगाची भूमिती पाहावी. करुणा रस्त्यापर्यंत जाते; घरात येताना तिला अंगावर पाणी घ्यावे लागते. साने गुरुजींना ही भूमिती पुढे अपुरी वाटली असली पाहिजे. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. लेखकाने दाराचा प्रश्न पुस्तकाबाहेर येऊन सोडवायला घेतला, असे म्हणता येईल.

त्या मोळीवाल्या बाईचे नातवंड कोणाशी खेळत होते, हे 'श्यामची आई' सांगत नाही. सांगू शकतही नाही. ते सांगायला आणखी त्रेचाळीस वर्षांनी 'बलुतं' यावे लागले.

'बलुतं'चे गाव आपल्या अहमदनगर (२०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर) जिल्ह्यातले आहे: अकोले तालुक्यातील धामणगाव. दुसरे टोक मुंबईत, नागपाड्याजवळच्या कावाखान्यात. पुढे संगमनेरचे शिक्षण. या तीन ठिकाणांमध्ये दगडूचे बालपण विभागले आहे. येथेही वनवास आहे, पण तो एका मुलाचा नसून सगळ्या वस्तीचा आहे. वडील गोदीत कामाला, हातात पैसा आला की तो दारूत जाणार. ते लवकर जातात. आई कष्ट करीत राहते. कावाखान्यातल्या दाटीवाटीत भाऊबंदकी आहे, भांडणे आहेत, लळाही आहे. कुटुंब तुटलेले आहे असे म्हणावे, तर तेच मुलाला धरूनही ठेवते. पवारांचे मोठेपण असे की, त्यांनी या नात्यांना सोवळे नेसवले नाही. वडिलांचे व्यसन, वस्तीतले व्यवहार, पुढे सईशी झालेले लग्न, त्यात शिरलेला संशय आणि त्या फारकतीतला स्वतःचा वाटा, यांतले काहीही त्यांनी झाकले नाही. आपल्याच समाजातून त्यांच्यावर 'घरातले चव्हाट्यावर आणले' अशी टीका झाली ती यामुळेच. ही टीका समजण्यासारखी आहे. ज्यांच्या घरांकडे गावाने कधी घर म्हणून पाहिलेच नाही, त्यांना आपले घर उघडून दाखवणे परवडत नाही. तरीही पवारांनी ते उघडले.

आता आपला प्रश्न विचारू. दगडू मित्राच्या घरात कुठपर्यंत जाऊ शकतो? पुस्तकाच्या नावातच उत्तराची सुरुवात आहे. बलुते म्हणजे गावकामाबद्दल बलुतेदाराला मिळणारा वाटा. महारवाड्याच्या बाबतीत त्यात येसकराच्या पाळीची भाकरी येते, दारोदार फिरून गोळा केलेली. म्हणजे महारवाड्यातल्या मुलाला गावातले प्रत्येक घर माहीत असते, पण बाहेरून. कोणत्या दारात उभे राहायचे, किती अंतरावर उभे राहायचे, भाकरी कशी झेलायची, हे त्याला ठाऊक असते. शाळेत शेजारी गिरवणाऱ्या मुलाची आई संध्याकाळी त्याच दारातून वरून भाकरी टाकणार असेल, तर त्या दोन मुलांमध्ये मैत्री कशी होणार? झालीच तर ती शिवारात होईल, ओढ्याकाठी होईल, गुरांमागे होईल. गावात शिरताना वाट फुटेल.

'बलुतं'मध्ये सोबती नाहीत असे मुळीच नाही. महारवाड्यातली पोरे आहेत, कावाखान्यातली आहेत, वसतिगृहातली आहेत. त्यांच्यात हूडपणा आहे, विनोद आहे. पण 'मित्राच्या घरी राहायला गेलो' हे वाक्य लंपनच्या जगात जितक्या सहजपणे उच्चारता येते, तितके ते येथे उच्चारता येत नाही. आपल्या बाल्यसाहित्यातल्या उत्कट मैत्रीला दोन गोष्टी लागतात असे दिसते: रिकामा वेळ आणि उघडे दार. या दोन्ही गोष्टी जन्माबरोबर मिळालेल्या असल्या की त्या दिसत नाहीत. लंपन आणि दगडू यांना शेजारी ठेवले म्हणजे त्या दिसू लागतात.

मग 'बलुतं'मध्ये ती एकमेव, जीव लावणारी, हरवलेली मैत्री कुठे आहे? माझ्या मते ती आहे, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानापासून आहे. हे आत्मकथन 'मी' सरळ सांगत नाही. दगडू मारुती पवार आपली हकिगत दया पवार या लेखकाला सांगतो, अशी या पुस्तकाची योजना आहे. समीक्षेने तिची नोंद बहुधा दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाची खूण म्हणून घेतली. शिकलेला, शहरी, पांढरपेशा दया आणि मागे राहिलेला दगडू, असे ते द्वंद्व. ते चूक नाही. पण या योजनेकडे आणखी एका बाजूने पाहता येते. येथे एक जण बोलतो आहे आणि दुसरा ऐकतो आहे. दगडूला जे कधी कोणाच्या ओसरीवर बसून सांगता आले नाही, ते तो शेवटी दयाला सांगतो. जो मित्र बालपणात मिळायला हवा होता, तो त्याला स्वतःच, चाळिशीत, व्हावे लागले. जुने नाव टाकून पुढे गेलेल्या माणसाने त्या नावाला परत घरात बोलावले आणि बसायला जागा दिली.

येथे संतांविषयीची मघाची नोंद परत घ्यावी. भालचंद्र दीक्षित लिहिण्यासाठी संत झाले. दया पवार लिहिण्यासाठी दगडूकडे परतले. बालपण लिहायचे तर जे नाव त्या बालपणाचे, त्याच्याकडे जावे लागते, हे दोघांनाही कळले होते. एकाला त्या नावाच्या मागे कवितेचे घर सापडले. दुसऱ्याला असे नाव, जे दगड, धोंडा, कचरा अशाच शब्दांतून ज्यांची नावे पडत, त्या समाजाच्या वाट्याला आलेले होते.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ही तुलना अन्यायाची आहे. लंपनचे दुःख दगडूच्या दुःखापुढे उभे केले की ते लहान आणि लाडावलेले वाटणार. हा धोका आहे, पण तो तुलनेचा नसून मोजणीच्या सवयीचा आहे. आईपासून दूर ठेवलेल्या मुलाचे दुःख दुसऱ्या कोणाच्या उपाशी पोटाने कमी होत नाही. उलट, दगडू वाचून आलेल्या वाचकाला लंपनमधली पोकळी अधिक लवकर जाणवते, असा माझा अनुभव आहे. कारण मग भाषेच्या लडिवाळपणाने तो फसत नाही. दुसरा आक्षेप असा की, 'बलुतं' ही साक्ष आहे, ललितकृती नव्हे. तिला मैत्री, भावविश्व असल्या कसोट्या लावणे म्हणजे तिची धार बोथट करणे. या आक्षेपामागचा आदर मला समजतो. तथापि ज्या लेखकाने निवेदनाची इतकी विचारपूर्वक रचना केली, त्याला केवळ साक्षीदार म्हणणे म्हणजे पुन्हा ओसरीवरच बसवणे आहे. कोर्टात साक्ष देणाऱ्याला बालपण विचारत नाहीत, लेखकाला विचारतात. जेरी पिंटो यांनी केलेला 'बलुतं'चा इंग्रजी अनुवाद २०१५ साली प्रसिद्ध झाला, आणि मराठी न जाणणारे वाचकही हे पुस्तक वाचू लागले. मराठी वर्गाने ते अजून 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून शिकवत राहावे, हे बरे नव्हे.

दार उघडले तर काय होते, याचेही एक पुस्तक आपल्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण पतिपत्नींच्या गमतीदार संसाराची कथा म्हणून वाचतो. पण १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर हा संसार काही वर्षे मोडूनच पडला होता. पुढे नगर जिल्ह्यातल्या वास्तव्यात तो पुन्हा उभा राहिला, तो लक्ष्मीबाईंचे सोवळे एकेक पायरीने गळत गेले तेव्हा. आधी पाणी वेगळे, चूल वेगळी. मग हळूहळू ती रेघ पुसली जाते. एका बाईने आपल्या स्वयंपाकघराचा उंबरठा स्वतःच्या हाताने झिजवला, आणि त्याची किंमत माहेरसासरच्या तुटलेल्या नात्यांनी चुकवली. या घरात मग परकी मुले आली, वाढली. कोवळ्या वयातला त्र्यंबक ठोमरे, म्हणजे बालकवी, येथेच राहिला आणि लक्ष्मीबाईंच्या मायेचा धनी झाला. दार उघडायचे तर रक्ताची नाती ताणली जातात, हे 'स्मृतिचित्रे' हसत हसत सांगते. ती ताणली जाऊ नयेत म्हणून दारे बंद राहतात, हे 'बलुतं' सांगते.

बोकीलांच्या 'शाळा'मध्ये (२००४) काळ बदललेला आहे. आणीबाणीचे वर्ष, निमशहरी गाव, नववीतली चार मुले. त्यांचा अड्डा एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत आहे. मला ही निवड फार अर्थपूर्ण वाटते. ज्या घरात अजून कोणी राहायला आलेले नाही, ज्याला ओसरी नाही आणि देवघरही नाही, तेथेच या मुलांना बरोबरीने बसता येते. वर्ष संपते, चौघांच्या वाटा फुटतात. इमारतही कधीतरी पूर्ण होणार, तिला दारे बसणार, आणि दारांवर आडनावांच्या पाट्या लागणार, हे कादंबरीला सांगावे लागत नाही.

अकोले आणि संगमनेर परिसरातून आपल्या महाविद्यालयांत येणाऱ्या मुलामुलींना घरांच्या या पायऱ्या पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. कोणाच्या लग्नात जेवायला बसायचे आणि कोणाच्या लग्नात नुसता आहेर देऊन निघायचे, कोणत्या मैत्रिणीच्या घरी आई राहायला पाठवील आणि कोणत्या नाही, हे त्यांना ठाऊक असते. फक्त याचा साहित्याशी काही संबंध आहे, असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. 'निरागस बालपण' या विषयावर ते जे निबंध लिहितात, त्यांत म्हणूनच त्यांचे स्वतःचे बालपण नसते. लंपनची आवळलेली नक्कल असते. 'दलित आत्मकथनातील वेदना' या विषयावर जे लिहितात, त्यांतही ते स्वतः नसतात.

येत्या सत्रात ज्यांना शक्य असेल त्यांनी 'वनवास' आणि 'बलुतं' एकाच आठवड्यात शिकवून पाहावे. वेगळा घटक नको, नवा सिद्धान्त नको. दोन्ही पुस्तकांतल्या मुलाला कोणत्या घरात पाणी मिळाले आणि ते त्याने कोणाच्या हातून घेतले, एवढीच यादी विद्यार्थ्यांना करायला सांगावी. यादी पूर्ण झाल्यावर त्यांनी तिसरा रकाना आपल्या स्वतःसाठी आखावा. तो भरून वाचून दाखवायची सक्ती कोणावरही करू नये.